पाणी उतरलं त्या दिवशी

सांगलीजवळ नदीकाठी एक निसर्ग उद्यान आहे. गर्द झाडी, लहानशी दोन देवळं आणि जुना दगडी घाट. भूगोल शिकवण्याची नोकरी संपल्यावर मी तिथं शाळांच्या सहलींना नदी समजावून सांगायला जाऊ लागले. घरी बसून भिंतींना शिकवण्यापेक्षा ते बरं. पोरं आधी पक्षी बघतात, मग घाटावर बसतात आणि डबे कधी उघडायचे म्हणून भंडावून सोडतात. मी रागावते. त्याचा कुणावर काडीचाही परिणाम होत नाही.

मागच्या हिवाळ्यात पलूसकडच्या एका गावातून सातवीचा वर्ग आला. सगळे घाट उतरले, एक मुलगी मात्र वरच थांबली. मी हाक मारली, ती हलली नाही. आता चढ्या आवाजात ओरडणार, तेवढ्यात त्यांचे गुरुजी जवळ येऊन हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या बाई तिला वरच. पुरात आई गेली तिची."

मग त्यांनी सगळं सांगितलं. आमच्याकडं पूर चढायला लागला की बायका नदीची ओटी भरतात. खण, नारळ, हळदकुंकू पाण्यात सोडतात आणि माई, आता माघारी फिर, असं विनवतात. पाणी गावातल्या मारुतीच्या देवळाला लागलं तेव्हा हिची आईही ओटी घेऊन गेली. गाळावरून पाय घसरला आणि ती वाहून गेली. त्याच संध्याकाळी पाणी उतरू लागलं. गाव म्हणालं, माईनं हिलाच ओटीत घेतलं, हिच्यामुळं आपण वाचलो. आता दर पावसाळ्यात तिच्या नावानं नारळ फोडतात आणि तो पोरीच्या हातात देतात. लोकांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला कळत होतं. तरी ऐकताना चीड आली.

माझा पुढचा पाठ नेमका पुराचा होता. तो आज गाळावा असं वाटलं. पण बाकीची पोरं घाटावरच्या पुराच्या खुणा बघून आपणहून विचारू लागली, म्हणून सांगितलं. इथं ऊन पडलेलं असतं तेव्हाही पूर चढतो, कारण पाऊस साताऱ्याच्या डोंगरात कोसळत असतो. कोयना आणि कृष्णा कराडला भेटतात, ते पाणी आपल्यापर्यंत यायला वेळ लागतो. तिकडं पाऊस उघडला की मागाहून आपलं पाणी उतरतं.

वरून आवाज आला, "बाई, म्हंजी त्या दिशी पानी आपसूकच उतरनार हुतं?"

सगळा वर्ग वळून बघू लागला. गुरुजींनी मान हलवून मला नको म्हणून खुणावलं. हो म्हणावं, तर तिची आई उगाच गेली असं होत होतं. नाही म्हणावं, तर ही पोर जन्मभर तो नारळ हातात घेऊन उभी राहणार होती.

"हो बाळा," मी म्हणाले. "वरचा पाऊस आधीच थांबला असणार. पाणी उतरणारच होतं."

तिनं खाली पाण्याकडं बघितलं. मग म्हणाली, "मग नदीनं न्हेली न्हाई तिला. पाय घसरला."

"हो. पाय घसरला."

"समदी म्हनत्यात, तुझी आई देवी झाली, तिच्यासाठी रडायचं न्हाई." ती दोन पायऱ्या खाली आली. "मग आता रडलं तर चालंल का, बाई?"

मी पायऱ्या चढून वर गेले आणि तिला जवळ घेतलं.