कोळसा आणायला गेलेला थोरला

गल्लीत त्याला सगळे शटरवाला म्हणत. दुकानांची लोखंडी शटरं बसवायची, अडकली की ग्रीस घालून मोकळी करायची, हा त्याचा धंदा. माणूस कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण रविवार उजाडला की त्याचा चेहरा उतरायचा. तो खाटकाकडे जाऊन जे कोणी मागत नाही तेच मागायचा: मानेचे तुकडे, बरगडीची हाडं, थोडी चरबी.

ही सवय आईची. बाप लवकर गेला. आईने कारखान्यात शर्टांना काजं-बटणं करून दोन पोरं वाढवली; शटरवाला त्यातला धाकटा. मटण आठवड्यातून एकदा, तेही असलंच स्वस्तातलं. परसात पत्र्याचं पिंप उभं कापून विटांवर ठेवलेलं, वर भंगारातल्या फ्रिजची जाळी. मांस आदल्या दिवसापासून कांद्याच्या रसात आणि व्हिनेगरमध्ये मुरवायची, नाहीतर मान कसली शिजते! ठिबकती चरबी शिळ्या पावावर धरायची. मटणापेक्षा त्या पावावरूनच भावांची जुंपायची.

एका रविवारी कोळसा कमी पडला. थोरला तेव्हा गॅरेजात काम शिकत होता, नुकतं मिसरूड फुटलेलं.

"जा रे, कोपऱ्यावरून पिशवीभर घेऊन ये," आई म्हणाली.

"माझे तुकडे उलटव रे, करपतील," थोरला धाकट्याला म्हणाला आणि चपला सरकवून गेला.

तो परत आलाच नाही. धाकटा तुकडे उलटवत राहिला. काळे ठिक्कर पडले तरी आईने हातातला चिमटा काढून घेईपर्यंत तो उलटवत होता.

चौकी झाली, इस्पितळं झाली, नदीकाठ पालथा घातला. काही कळलं नाही. पुढच्या रविवारी आईने पुन्हा पिंप पेटवलं. "कुठेही असला तरी वासावर यायचा तो," म्हणाली. त्यानंतर तिने एक रविवार चुकवला नाही. पाऊस असला की धाकट्याने तिच्यावर पत्रा धरून उभं राहायचं. धाकट्याचं लग्न झालं, तो शटरवाला झाला, आई वाकली, पण धूर निघत राहिला.

आई गेल्यावर त्याला वाटलं, सुटलो. पहिल्या रविवारी तो मुद्दाम जेवून झोपला. डोळा लागतो न लागतो तोच परसात चिमटा जाळीवर आपटल्याचा आवाज. जाऊन पाहिलं तर कोणी नाही. परत येऊन पडला, परत तोच आवाज. शेवटी उठला, खाटकाकडे गेला, पिंप पेटवलं. तेव्हा कुठे परस गप्प झालं.

बायको म्हणायची, "अहो, किती दिवस हे?" तो म्हणायचा, "मला मटण आवडतं." तिला ठाऊक होतं की तो एक घाससुद्धा नीट गिळत नाही.

मग एका रविवारी ऐन दुपारी कुंपणापाशी एक माणूस येऊन उभा राहिला. हात टायरच्या रबराने माखल्यासारखे कायमचे काळे.

"वखारीमागचं घर म्हणाला होता. धूर दिसला, म्हटलं हेच," तो म्हणाला. "तुमचा थोरला भाऊ माझ्या टायर-पंक्चरच्या टपरीशेजारी हातगाडी लावायचा. बस अड्ड्याबाहेर. मानेचं मटण भाजून विकायचा, पावाबरोबर."

बायकोने विचारलं, "विकायचा म्हणजे? आता नाही?"

"गेल्या थंडीत वारला. छातीत कफ भरला होता, अंगावर काढलं त्याने."

"गेला का होता घरातून?" शटरवाल्याने विचारलं. "आम्ही काय केलं होतं त्याचं?"

"मीही विचारलं होतं. म्हणाला, काही नाही रे, कोपऱ्यावर एक ट्रक उभा होता, ड्रायव्हर म्हणाला चल फिरवून आणतो. चढलो. पहिल्या दिवशी परतलो असतो तर नुसत्या शिव्या खाल्ल्या असत्या. नंतर नंतर कुठल्या तोंडाने जाणार?" टायरवाला पुढे म्हणाला, "तापात मात्र एकच धोशा. आई रागावेल, तुकडे करपले असतील."

बायकोने टायरवाल्याला पाणी दिलं, जेवायचा आग्रह केला. त्याने जाळीकडे पाहिलं आणि नको म्हणून निघून गेला.

मग शटरवाला आई उभी राहायची त्या जागेकडे पाहून म्हणाला, "आई, दादा येत नाही आता. तू जा." कुंपणापलीकडे शेजारीण कपडे वाळत घालता घालता थबकली. त्याने बादलीभर पाणी निखाऱ्यांवर ओतलं. निवल्यावर पिंप उचलून गल्लीतून जाणाऱ्या भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवलं, वर जाळीही दिली. बदल्यात काही घेतलं नाही.

पुढच्या रविवारी दोघांनी भाजी-भात खाल्ला. बायको खूश होती, हसली, माहेरच्या कोणाची तरी नक्कल करून दाखवली. तोही हसला. बोलता बोलता तिचा घास हातातच राहिला. तिने परसाकडच्या दाराकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"तुम्हालाही येतोय?" तिने हळूच विचारलं.

त्याने मान डोलावली. कांद्याचा आणि जळत्या चरबीचा वास होता, आणि बरोबर काहीतरी करपत होतं. बायकोने उठून दार लावलं, खिडकी लावली. वास तसाच राहिला. तो बाहेरून येत नव्हता.