शोकसभा

प्रदीपने टेप लावला की शेजारच्या बाया दारात येऊन विचारायच्या, "कोन गेलं वो?" त्यामुळे त्याचं नाव शोकसभा पडलं. गडचांदूरच्या सिमेंट कॉलनीत नावं अशीच पडत. आमच्या एका वर्गमित्राला सगळे चुनखडी म्हणायचे. तो सावळा असल्यामुळे उलट खूष असायचा.

गाणी इंग्रजी होती. मशिनरी बसवायला आलेला एक गोरा इंजिनिअर जाताना गेस्ट हाउसमध्ये कॅसेट विसरला. तिथे स्वयंपाक करणाऱ्या प्रदीपच्या आईने ती घरी आणली. वर नाव नाही, गाव नाही. आत एक माणूस विहिरीच्या तळातून बोलावं तसा गायचा, मागे ड्रम एका जागी चालत राहायचा आणि सगळ्याच्या खाली जाड तारांची बेस गिटार घुमायची. ऐंशीच्या त्या दशकात रेडिओ आम्हाला सतत नाचायला सांगत होता. हा माणूस काहीच सांगत नव्हता. खिडकीच्या गजांवर रोज सिमेंटचा थर बसणाऱ्या गावात, पंधराव्या वर्षी, मला वाटलं की कुणीतरी आपली विचारपूस केली.

पुढे पुण्यात एका जाणकाराने मला या संगीताचं नाव, घराणं आणि त्यातला औद्योगिक शहरांचा कोंडमारा समजावून सांगितला. मी ऐकून घेतलं. कोंडमारा मला क्वार्टर नंबरासकट माहीत होता.

प्रदीप माझ्यापेक्षा थोडा मोठा. गाणं लागलं की तो तळहात स्पीकरवर ठेवून बसायचा. "बेस हातानंच समजते," म्हणायचा. एकदा मी शब्द शोधायला डिक्शनरी घेऊन गेलो, तर त्याने ती मिटून बाजूला ठेवली. "शब्द समजले का मानूस हो हो करते आन् घरी जाते."

त्याचे वडील दगड फोडणाऱ्या क्रशरवर होते. खोकला आणि ते बरोबरच कामावर जात. त्या काळी बाप कामातून गेला की मुलाला जागा मिळायची आणि कॉलनीत ती मोठी सोय मानली जायची. "शीक तवर शीक, मंग क्रशर आहेच," वडील जेवताना म्हणायचे. ते धीर द्यायला बोलत. प्रदीपचा घास मात्र हातातच राहायचा. त्याला क्रशर सोडून काहीही चाललं असतं.

विहारातल्या गायन पार्टीत तो पेटी वाजवायचा. त्या जोरावर बारावीनंतर तो वडशाच्या एका नाटक कंपनीत हिवाळ्यापुरता ऑर्गनवर लागला. पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीच्या नाटकात विनोदी नट आला की संगीतानेही उड्या मारायच्या असतात. प्रदीपच्या बोटांतून उड्या निघेनात. "पब्लिक हासाले आली आहे बे, मातीले नाई," मालक म्हणाला. पण तिसऱ्या अंकात नायिकेची आई मरायची. तिथे प्रदीपने कॅसेटमधले दोन खालचे सूर धरले आणि सोडलेच नाहीत. मी पाहायला गेलो होतो. धान कापलेल्या शेतात, बांदीत बसलेलं गाव गप्प झालं. शेंगा फोडणारेसुद्धा थांबले. ते सूर कुठून आले, हे तिथे आम्हा दोघांनाच माहीत होतं. मालकाने पुढच्या प्रयोगांत त्या आईला आणखी सावकाश मारायला घेतलं आणि प्रदीपला पुढच्या हंगामाचा शब्द दिला.

"जमलं गा," तो मला म्हणाला. शोकसभेचे दात मी तेव्हा पाहिले.

पुढचा हंगाम यायच्या आधीच, पावसाळ्यात, डॉक्टरांनी वडिलांना कामासाठी बाद ठरवलं. जागा आत्ता घ्यायची, नाहीतर ती गेली आणि तिच्याबरोबर क्वार्टरही. घरात बहिणी शिकत होत्या. प्रदीपला कुणी विचारलं नाही आणि जबरदस्तीही केली नाही. आईने फक्त त्याचा पांढरा शर्ट धुऊन वाळत घातला.

निरोप समारंभात वडिलांना शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. मोठ्या साहेबांनी सिमेंट हे केवळ सिमेंट नसून एक कुटुंब आहे, हे बराच वेळ सिद्ध केलं. बापाच्या खांद्यावरची धुरा मुलगा उचलतो आहे, असं म्हणून त्यांनी प्रदीपला उभं केलं. टाळ्या झाल्या. वडील खोकत होते, म्हणून त्यांना टाळ्या वाजवता आल्या नाहीत.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "कसं झालं भाषण?"

"लंबं होतं. बेस नव्हता."

पुढच्या वर्षी मी शिकायला नागपूरला निघालो. फॅक्टरीच्या गेटसमोरच्या थांब्यावर तो ड्युटीवरून थेट आला, भुवयांपर्यंत पांढरा. त्याने कॅसेट माझ्या हातात ठेवली.

"घेऊन जा."

"आन् तुले?"

"मले काऊन पाहिजे? इथी दिवसभर थेच वाजून राह्यलं."

मला कळलं नाही. त्याने माझा तळहात धरून लोखंडी बाकावर टेकवला. आत क्रशर चालू होता. बाक खालच्या सुरात, न थांबता, घुमत होता.

"थेच आहे ना?"

तेच होतं. बस आली, मी चढलो. खिडकीतून पाहिलं, तर तो बाकावर बसला होता, तळहात तसाच खाली टेकवून.