दहीवालीचं ‘गो’

चूक माझीच होती. महाडच्या बाजारात उमरठकडची एक म्हातारी दही विकायची. माझ्या बायकोला ती “ये गो” म्हणून जवळ बसवायची आणि करवंटीच्या पळीने वरची जाड साय आधी तिच्या डब्यात घालायची.

एकदा मी, भाषा शिकवणारा माणूस, चारचौघांत म्हणालो, “आजी, संस्कृतात गो म्हणजे गाय, इंग्रजीत जा. हिला यातलं काय म्हणता?” लोक हसले.

तिने डब्याची कड पदराने पुसली. “परक्या बाईला आमी गो नाय म्हणत, गुरुजी,” एवढंच बोलली.

पुढच्या खेपेला साय तेवढीच मिळाली, पण ती म्हणाली, “घ्या मॅडम.”

घरी आल्यावर बायको म्हणाली, “माहेरी, पोलादपूरला, आई वारल्यावर मला गो म्हणणारी ती एकटीच उरली होती.”

पुढच्या बाजाराला मी म्हातारीसमोर उकिडवा बसलो. “आजी, मी चुकलो. शब्द मला पुस्तकातलाच ठाऊक होता. हिला पुन्हा गो म्हणा.”

तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. “डबा पुढं कर गो,” ती बायकोला म्हणाली, “आनि ह्याला साय दाखवू नको.”