कावळे हाकायची काठी

आमच्या कोळीवाड्यात सुक्या मासळीची राखण करणाऱ्या बाई भर उन्हात पूर्ण बाह्यांचा पुरुषी शर्ट घालून छत्रीखाली बसतात. "ऊन मासळीला, सावली मला," म्हणतात. त्यांना ल्युपस आहे; या आजारात ऊन सोसत नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला फुकट ऐकवतात: "अंगात इंटरफेरॉन म्हणून प्रथिन हाय. रोग शिरला का त्यानं ओरडायचं, मंग बाकीच्यांनी लढायचं. माझं रोग नसताना बी ओरडतंय. कावळा न्हाय नि हाड हाड चाललंय. मंग लढणारे माझ्याच सांध्यांवर तुटून पडतात."

आता दर महिन्याला त्या रेवसहून लाँचनं मुंबईला जाऊन इंजेक्शन घेतात. "त्यानं ओरडणारा गप होत न्हाय. ऐकणाऱ्यांचे कान झाकतात."

परवा सुकट घेताना मी शिंकलो. बाईंनी शांतपणे कावळे हाकायची काठी माझ्या छातीला लावली आणि मला सहा पावलं मागं नेलं. मग सुकटीची पिशवी त्याच काठीच्या टोकाला अडकवून पुढे केली.

"साधी सर्दी आहे हो," मी म्हणालो.

"आसंल, मास्तर. पण खरा रोग शिरला तरी आत आता कोण ऐकत न्हाय. राखण मलाच करायची हाय."