म्हसोबाचा गूळ

दाजीपूरच्या बाजूला रानात तंबू ठोकून राहायला येणाऱ्या मंडळींना जोतीराम आधी झापायचा, मग चहा द्यायचा. पंचावन्नचा काटक गडी, आवाज मात्र तालमीतल्या वस्तादाचा.

"पावणं, पिशव्या उघडा!" म्हणत तो केळी, बिस्किटं, भडंगाचे पुडे, सगळं काढून घेई. खाणं पत्र्याच्या पेटीत, आणि पेटी तंबूपासून दोनशे पावलं लांब. खरकटं पुरायचं नाही, परत न्यायचं. "झाडीत एकट्यानं जायाचं न्हाय. मोठ्यानं बोलत, काठी आपटत चला. अस्वल खाण्यात गुंगलं की त्येला काय ऐकू येत न्हाय, मग दचकून अंगावर येतंय. पळू नगा. पालथं पडा, मान झाका." कोल्हापूरची पोरं गालातल्या गालात हसायची. पण बारा वर्षांत त्याच्या एकाही पाहुण्याला साधा ओरखडा आला नव्हता, आणि त्याचा त्याला भारी तोरा होता.

त्यातलं निम्मं श्रेय तो म्हसोबाला द्यायचा. तंबू पडले की सांजेला पाणवठ्याच्या वाटेवर शेंदूर लावलेल्या धोंड्यापुढं गूळ-खोबरं ठेवून, पाहुण्यांना राख बाबा, म्हणून हात जोडायचा. सकाळी धोंडा चाटूनपुसून साफ. देवानं घेतलं म्हणून हा खूश! पाहुण्यांच्या पिशवीतली चिक्की वासावरून ओळखणारा माणूस, पण देवापुढचा गूळ म्हणजे खाणं हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नाही.

त्याची बायको झुंबरबाई तिथंच स्वयंपाक करायची. मार्चातल्या एका सकाळी ती कळशी घेऊन एकटीच पाण्याला गेली. किंकाळी ऐकून जोतीराम काठी घेऊन धावला, आरडाओरडा करून त्यानं अस्वल हाकललं. तोवर तिचा डावा डोळा आणि अर्धा गाल गेला होता. ती पडली होती म्हसोबापुढंच. धोंड्यावर लाळ होती, खोबऱ्याचे तुकडे होते. जोतीरामला तिथंच सगळं कळलं, आणि तो आतून मेला.

दीड महिन्यानं कोल्हापूरच्या दवाखान्यातून ती घरी आली. रानाचं काम त्यानं सोडलं होतं. एका दुपारी ती म्हणाली, "अवं, म्हसोबानंच जीव वाचिवला. सव्वा किलो गूळ बोललीया. ठिवून या की."

त्याला राहवेना. तिचे पाय धरून त्यानं सगळं सांगून टाकलं. अस्वलाला त्या वाटेची सवय लावली ती आपणच, शिव्या दे, मार, पण बोल, म्हणाला.

ती पदरानं गाल झाकत म्हणाली, "पुडी मीच बांधून देत हुते की. आदल्या सांजंला पावणं लई हुतं, म्हणून गूळ दुप्पट बांधला हुता."

जोतीरामनं आपल्या मनावरचं ओझं कमी होईल म्हणून सांगितलं होतं. आता ती जेवत नाही.