कॅनव्हासची उलटी बाजू

बायकोच्या भरतकामात मी हात घातला, हे लिहिताना अजूनही माझी मान खाली जाते. ती शेजारी गेली होती आणि मला सुट्टी होती. जव्हारच्या मुलींच्या शाळेत शिवण शिकवायला बाई हवी होती. हेडबाईंनी तिला सोमवारी कॅनव्हासवर लोकरीने भरलेला नमुना घेऊन बोलावलं होतं. मधलं फूल तिने पुरं केलं होतं. उरली होती भोवतालची जमीन, म्हणजे नुसते एकसारखे तिरके टाके. दरबारच्या कचेरीत मी जन्मभर ओळीखाली ओळच लिहीत आलो. म्हटलं, हेही तसंच. दोन तासांत अर्धी बाजू भरली. उचलून बघतो तर चौकोनी कापड पतंगासारखं एका कोपऱ्याकडे ओढलं गेलेलं.

ती आली आणि तिने पाहिलं. रागावली असती तर बरं वाटलं असतं. लोकर तिच्या भावाने मुंबईहून आणलेली. जव्हार-मोखाड्यात शोधूनही मिळायची नाही. तिने माझे टाके उसवले, कापड ओलं करून पाटावर सरळ ताणलं आणि कडेने बारीक खिळे ठोकले.

मग दोन दिवस एका उरलेल्या तुकड्यावर तिचे प्रयोग चालले. फुलीचा टाका ताठ बसला, पण लोकर फार खाऊ लागला. लांब उभे टाके विटांसारखे रचले, तर ते बांगडीत अडकायला लागले. रविवारी दुपारी मात्र तिने आडवी ओळ सोडली, टाके पायऱ्यांसारखे तिरपे खाली उतरवले आणि शेजारून तसेच वर चढवले. टाका माझाच, वाट निराळी. कापड जागचं हललं नाही. मागच्या बाजूला लोकर आडवी-उभी गुंतली होती, थेट आमच्या बांबूच्या सुपासारखी.

जमीन सोमवारी सकाळी पुरी झाली. लोकर वीतभर उरली. कचेरीला उशीर होत होता, तरी तिला पोचवून मी शाळेच्या ओट्यावर रेंगाळलो. दारातून दिसत होतं. हेडबाईंनी फुलाकडे धड पाहिलंही नाही. नमुना उलटा केला, मागची वीण बोटाने चाचपली आणि हे कुणी शिकवलं म्हणून विचारलं.

“घरीच करून पाहिलं,” ती म्हणाली.

माझं नाव काढलं नाही, हा तिचा मोठेपणा. बाईंनी तिला दुसऱ्या दिवसापासूनच यायला सांगितलं.

बाहेर आल्यावर तिने नमुना पिशवीत नीट ठेवला.

“उद्यापासून दुपारी मी घरी नसेन,” ती म्हणाली. “इकडचं ताट झाकून ठेवीन. झाकण काढून जेवावं तेवढं. बाकी कशाला हात लावू नये.”