चौथा अध्याय कोणाचा?

सुचिता गेल्याचा फोन आला तेव्हा मी नागपूरच्या प्रयोगशाळेत धानाच्या उगवणीच्या नोंदी घेत होते. अड्याळहून आई बोलत होती. "लाखनीची सुचिता गेली व माय... तापच होता म्हंतात," एवढेच ती म्हणाली. साधा ताप समजून बरेच दिवस उपचार झाले होते. स्क्रब टायफस असल्याचे निदान झाले तेव्हा मूत्रपिंडे निकामी झाली होती. झुडपांत आणि गवतात राहणारा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा, गोचिडाच्या जातीचा एक जीव चावून हा आजार होतो, आणि शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच्या गवतात बसणे हे तर सुचिताचे कामच होते. ही जुळणी मी नंतर केली. त्या क्षणी माझ्या मनात आलेला पहिला विचार दुःखाचा नव्हता. आता हिला मागे टाकता येणार नाही, असा तो विचार होता. जिवंत माणसाशी स्पर्धा करता येते; त्याची चूक निघू शकते, ते कंटाळू शकते, लग्न करून दूर देशी जाऊ शकते. गेलेली मैत्रीण जिथे थांबली तिथे कायमची पुढे राहते. वाचणाऱ्यांना हे कठोर वाटेल. सुचिताला वाटले नसते. माझा हा स्वभाव तिला पुरता ठाऊक होता आणि ती त्याची मजा घेत असे.

वनस्पतिशास्त्रात आम्ही एम.एस्सी. एकत्र केले. सुवर्णपदक मला मिळाले, आणि त्या दिवसापासून तिने मला नावाने हाक मारणे सोडले. "ओ गोल्ड मेडल, चहा पाजून राहिली का नुसतीच पाहून राहिली?" असे ती भर कॅन्टीनमध्ये ओरडे. आदर्श म्हणून माझी उत्तरपत्रिका वर्गात फिरत असे. शंका विचारायला मुली मात्र तिच्या खोलीवर जात. तिच्या खोलीत खुर्ची नव्हती, पंखा खडखडत असे, तरी जात. मी एकदा तिला याचे कारण विचारले. ती म्हणाली, "तुले विचारलं तर तू उत्तर देते. मी म्हणते, मलेही नाही समजलं, चल पाहू." हे तिने गमतीत सांगितले की टोमणा मारला, हे मला आजही ठरवता येत नाही.

आता मुख्य गोष्ट. विषय माझा होता. संकरित सरकी तयार करायची तर कपाशीच्या एकेका कळीतले पुंकेसर हाताने काढावे लागतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला दुसऱ्या वाणाचा पराग लावावा लागतो. हे आम्ही प्रात्यक्षिकात चिमटा आणि भिंग घेऊन शिकलो. परराज्यांतल्या बियाण्याच्या शेतांवर हेच काम वर्षानुवर्षे लहान मुलींकडून करून घेतले गेले. बोटे बारीक, मजुरी नावापुरती, आणि उंची कपाशीच्या झाडाइतकी, म्हणून मुली. आमच्या भागातल्या गावांतूनही ठेकेदार त्यांना नेत. आषाढात नेत, दिवाळी उलटल्यावर आणून सोडत. मधल्या काळात त्या उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत कपाशीच्या ओळींत उभ्या असत, फवारणी चालू असतानाही. लहानपणी तिथे राबलेल्या बायकांच्या आजच्या आरोग्याचा अभ्यास करण्याचे काम मला मिळाले होते. मी प्रश्नावली तयार केली, ती तपासून घेतली, पवनी तालुक्यातल्या गावांत फिरले. लहानपणी कामासाठी बाहेर गेला होता का? प्रत्येक घरात एकच उत्तर मिळाले, नाही. ज्या गावातून मुली जात असत हे मी लहानपणी स्वतः ऐकले होते, तिथेही नाही.

त्या पावसाळ्यात सुचिता सुटीला आमच्याकडे अड्याळला आली. मामाच्या बांधीत रोवणा चालला होता, म्हणजे धानाच्या खाचरात रोपांची लावणी. मी शेतकऱ्याच्या घरातली; दर वर्षी त्या चिखलात उतरून धान रोवणारी. ती लाखनीच्या कापड दुकानदाराची मुलगी, छत्री घेऊन धुऱ्यावर बसलेली, चपला हातात. बायका रांगेत वाकून रोवत होत्या. दोघी-तिघी मात्र रांगेत नव्हत्या. त्या पऱ्ह्याच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, जुड्या वाहून आणत आणि रोवणाऱ्यांच्या मागे टाकत. सुचिताने रांगेतल्या म्होरक्या बाईला विचारले, "मावशी, त्या काहून नाही रोवत?"

"त्यांचा हात नाही बसला, बाई. त्या रोवतीन तं धान झोपून जाईन."

रांग हसली. जुडी घेऊन येणारी बाई तिथूनच म्हणाली, "आन् ह्या जुड्या तुहा नवरा आनून देनार होता काय व? तो तं सोताच धुऱ्यावर झोपला हाय." आता सगळ्याच हसल्या.

"पण हात काहून नाही बसला? घरी शेती नाही काय?" सुचिताने पुन्हा विचारले.

"शेती हाय ना. लहानपनी रोवन्यात गावात असत्या तं बसला असता."

आपण काय बोलून गेलो ते म्होरकीच्या लक्षात आले आणि तिने मान खाली घातली. मग कोणी हसले नाही. चिखलातून पाय निघाल्याचा आवाज तेवढा येत राहिला. रोवण्याचा हात पोरवयात बसतो. पुढे शिकता येते, पण तो वेग, ते सरळ अंतर येत नाही. ज्यांचे लहानपणीचे आषाढ-श्रावण दुसऱ्याच्या कपाशीत गेले त्यांना आपल्या गावचा रोवणा आला नाही. बायका जे तोंडाने नाकारत होत्या ते बांधीत उघड दिसत होते. घरी येताना सुचिता म्हणाली, "गोल्ड मेडल, प्रश्नावली ठेवून दे. रोवणा चालू असताना गावोगाव जायचं आणि कोण रोवत नाही ते पाहायचं." विषय माझा, गाव माझे, बांधी माझ्या मामाची. त्या बायकांना जुड्या वाहताना मी जन्मभर पाहत आले होते आणि त्यांना धांदरट समजत होते. दिसले ते तिला.

पुढच्या वर्षी मला नागपूरला शिष्यवृत्ती मिळाली आणि मी तो अभ्यास सोडला. सुचिताने तो उचलला. लाखनीच्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायचे आणि सुट्या गावांत घालवायच्या, असा तिचा क्रम ठरला. ती रांगेतल्या बायकांशी बोलत नसे. जुड्या वाहणाऱ्यांबरोबर स्वतः जुड्या वाही. तुमच्यावर काय गुजरले, असे तिने कोणालाही विचारले नाही. ती एवढेच विचारी : "तुम्ही गेल्या तेव्हा तुम्हाले कोणी कोणी पाहिलं?" या प्रश्नाने बायकांची लाज आपोआप दुसऱ्यांकडे जाई. मग त्या सांगत. गैरहजर मुलींची हजेरी मांडणारे गुरुजी. त्यांना मागच्या सीटवर दाटीने बसवणारा बसवाहक. परत आल्यावर हातांच्या फोडांना मलम देणारी आणि कधीच काही न विचारणारी नर्सबाई. एक खाणारे तोंड कमी झाले, बरेच झाले, असे चावडीवर म्हणणारे मोठे लोक. एका गावची एक मुलगी परत आलीच नाही. तिकडेच तिचे लग्न लावून दिले, असे गावाने ठरवून टाकले. एवढ्याशा पोरीचे लग्न कोणी लावले आणि कोण जेवून आले, हे एकाही माणसाने विचारले नाही. तक्रार नाही, चौकशी नाही. ठेकेदार वाईट होता असे आज सगळे म्हणतात. सुचिताचे म्हणणे असे की एक ठेकेदार एवढ्या मुली नेऊ शकत नाही. त्याला सबंध तालुका लागतो. यावर तिने लिहायला घेतलेल्या पुस्तकाचा चौथा अध्याय या तालुक्याविषयी आहे. त्याचे नाव 'ज्यांना ठाऊक होते'. प्रत्येक अध्याय ती मला तपासायला पाठवी. मी त्यात चुका शोधायला बसत असे, मनापासून बसत असे, आणि चौथ्या अध्यायात मला एकही सापडली नाही. त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

आमची शेवटची भेट लाखनीला, दुकानाच्या वरच्या तिच्या खोलीत झाली. खाली हमरस्त्यावर ट्रक चालले होते आणि त्यांच्या धक्क्याने खिडकीची काच थरथरत होती. तिने सांगितले की वेगवेगळ्या गावांतल्या बायका तिच्याशी एका झग्याविषयी बोलल्या होत्या. निघताना ठेकेदार प्रत्येक मुलीला नवा झगा देई. पिवळ्या रंगावर लाल चेरी. सगळ्यांचे झगे एकाच ताग्यातले. आपण जत्रेला चाललो आहोत असे त्यांना वाटे. मग सुचिताने आपला बालवाडीतला फोटो माझ्यापुढे धरला. त्यात ती पिवळ्या झग्यात होती, लाल चेरींच्या. ठेकेदाराचे कापड बेतून उरलेल्या तुकड्यातून आईने तिला शिवलेला.

"बाबाले विचारलं मी," ती म्हणाली. "बाबा म्हणाले, पोरी कुठं जाऊन राहिल्या ते मले माहीत होतं. मी कापड विकत होतो, पोरी नाही."

"मग?"

"मग काही नाही. आता यांना चौथ्या अध्यायात घालू का नको, ते सांग."

"नियम सगळ्यांना सारखा," मी म्हणाले.

"तुझ्या बाबाचं दुकान नाही ना, म्हणून तुझ्याजवळ नियम आहे." ती हसली, पण फोटो तिने हातातून ठेवला नाही. मला त्या क्षणी काय वाटले ते लिहिते. मला तिचा हेवा वाटला. माझ्याकडे पद्धत होती, आकडे होते, पदक होते. तिच्याकडे अंगावर घातलेला पुरावा होता. असा पुरावा अभ्यास करून मिळत नाही, आणि तो कोणालाही मिळू नये, हे कळत असूनही हेवा वाटला. तिने अध्यायात शेवटी लिहिले : 'लाखनीतील एक कापड दुकान'. नाव लिहिले नाही. त्यानंतर पंधरवडाही गेला नसेल, तिला ताप भरला.

तेरावी झाल्यावर काही दिवसांनी तिच्या वडिलांचा, काकाजींचा, फोन आला. मी लाखनीला गेले. दुकान उघडे होते. पुस्तकाची पाने आता मीच छापायला द्यायची होती; ती त्यांच्या गल्ल्यावर होती आणि त्यांनी ती वाचली होती.

"बेटा, हे चौथं प्रकरण तिच्या नावानं नको छापू," ते म्हणाले. "काढून टाक असं मी म्हनत नाही. छाप. पन तू लिहिलं म्हनून छाप. पोरगी गेली आन् जाताजाता बापावर बोट ठेवून गेली, असं लोक म्हनतीन. तिच्या माघारी तिले असं म्हनलेलं मले सहन नाही व्हनार." मग ते म्हणाले, "आन् विषय तुझाच होता ना. तीच सांगे सगळ्यायले."

तीच सांगे... हे मला ठाऊक नव्हते. इतकी वर्षे मनात जे घोकले ते ती उघड सांगत होती, आणि आता ते माझ्यासमोर ठेवले गेले होते. तेही एका दुःखी बापाची विनंती म्हणून. होकार दिला तर मी भलीच ठरणार होते. मी त्या पानांकडे पाहिले. त्यातले सर्वांत चांगले वाक्य कोणते, ते कुठे येते आणि ते मला का सुचले नसते, हे मला न वाचता सांगता आले असते. हेव्याला एवढे मात्र नीट कळते, काय आपले आहे आणि काय नाही. जे वाक्य मी इतक्या बारकाईने दुसऱ्याचे म्हणून पाठ केले, त्याखाली माझे नाव घालणे म्हणजे हरल्याची पावती देणे होते.

"काकाजी, हे मला लिहिता आलं नसतं," मी म्हणाले. "वाचणाऱ्याला दुसऱ्याच ओळीत कळेल. तिच्याच नावाने जाऊ द्या."

त्यांनी चौथ्या प्रकरणाचे शेवटचे पान काढले. मग म्हणाले, "'एक कापड दुकान' लिहिलं तिनं. लाखनीत तवा कापडाचं मोठं दुकान एकच होतं. कोनाले नाही समजनार?"

"तिला ते ठाऊक असणार."

"ठाऊक असन," ते म्हणाले. आणि पाने त्यांनी माझ्याकडे सरकवली.

मी निघणार तेवढ्यात एक माणूस दुकानात आला. त्याने मुलींचे तीन फ्रॉक निवडले, तिन्ही एकाच मापाचे. काकाजींनी ते घडी घालायला घेतले नाहीत.

"कोनासाठी?"

"भाच्या हायेत, काकाजी."

"तिघीबी सारख्याच?"

"दोघी जुळ्या, आन् तिसरी साळ्याची. तेवढीच हाय."

"नावं काय? शाळा कोनती?"

तो माणूस माझ्याकडे पाहून हसला. "आता फ्राकालेबी आधार कार्ड लागते काय, ताई?" मग त्याने नावे सांगितली, शाळाही सांगितली. आतल्या दारातून काकू, सुचिताची आई, हळूच मला म्हणाल्या, "तेरावीपासून हेच चालू आहे. लोक वैतागून समोरच्या दुकानात जाऊन राहिले."

काकाजींच्या विचारण्याचा तो सूर सुचिताचा होता. दटावणी नाही, आर्जव नाही. उत्तर येईपर्यंत बसून राहायची तयारी. मी तो इतकी वर्षे जवळून ऐकला आणि मला तो कधी काढता आला नाही. तो काकाजींकडे गेला होता. मी पिशवी खांद्याला लावली, पाने आत ठेवली आणि तरीही पायरीवर थांबले. काकाजी फ्रॉकांचे पुडके बांधत होते. सुतळीला गाठ मारता मारता त्यांचा हात थांबला.

"तिसरीचं नाव काय सांगितलं तू?"